खेकड्याचा सहावा ठिपका

परदेशीपुरा, इंदूर
६ नोव्हेंबर १९६१

चि. चंपास, स. जयभीम वि. वि.

नाही, आधी तू सांग, हसलीस का? पत्रातच सांग. समोर आलीस तर मी बोलणार नाही.

इथल्या लालबागच्या मेळ्यासाठी लक्ष्मणमास्तरांच्या ऑर्केस्ट्रात गिटारची एकच खुर्ची. गिटार माझी, बोटं माझी. आणि मास्तरांनी समोर काय ठेवलं, तर कागद! पाच रेघा, त्यावर सहा ठिपक्यांची चळत, डोक्यावर इंग्रजी सी आणि रोमन तीन. मी काय समजणार? सी कॉर्ड तीनदा वाजवली. आणि भर हॉलमध्ये मागून तुझं खुदकन. वरून मास्तरांना सांगतेस, तिथे सी नाहीच, जी आहे!

मास्तर म्हणाले, एकोणीस तारखेला परत वाच, त्याच्या पुढच्या रविवारी ही मुलगी वाचेल. ही मुलगी! अगं, गेल्या वर्षी दिवाळीत माझ्याच गिटारवर तुला खेकडा शिकवला कोणी? एक बोट सगळ्या तारांवर आडवं, बाकीची तीन पुढे, पंजा तसाच सरकवायचा, तारांखालचा पडदा बदलला की कॉर्ड बदलली. मामा फौजी बँडात क्लॅरिनेट वाजवतात म्हणून तुला नोटेशन फोकटात. आमचे बाबा कापड मिलमध्ये साचा चालवतात. तिथे पाच रेघा कोण शिकवणार?

आई आशीर्वाद सांगते. माझा लोभ सध्या बंद आहे.

वाल्मिक


महू
१० नोव्हेंबर १९६१

ती. वाल्मिकदादास, सविनय जयभीम.

हसले. मग काय करू? तिसऱ्यांदा तर तू मान डोलावून वाजवलीस!

आता नीट वाच. तो सी म्हणजे सी कॉर्ड नाही, आडवं बोट. रोमन तीन म्हणजे तिसऱ्या पडद्यावर. बस, तुझाच खेकडा. बाबा म्हणतात, कागदावर खेकडा दिसत नाही, त्याचे पाय कुठे पडले तेवढं दिसतं. सहा ठिपके असले की खेकडा जाड्या तारेवरून, पाच असले की तिच्या शेजारणीवरून. आणि खालून चौथ्या ठिपक्याआधी लहान इंग्रजी बीसारखी खूण दिसली की मधलं बोट उचलायचं, कॉर्ड मायनर होते. विसरू नकोस.

तुला वाटतं मला फार मजा. घरात कागद ढीगभर, गिटार एक नाही. मी पाटावर खडूने सहा तारा ओढून बोटं ठेवते. पाट वाजत नाही, दादा. तू त्या दिवाळीत वाजवत होतास तेव्हा मला इतकी जलन झाली की लाडू उतरेना. तुझं एकोणीसला झालं की आठवडाभर गिटार देशील?

आत्याला नमस्कार. बंद केलेला लोभ उघडावा, ही वि.

चंपा


महू, तुमच्याच ओट्यावरून
२० नोव्हेंबर १९६१

चि. चंपास,

काल झालं. सहा ठिपके, सी, रोमन तीन. आडवं बोट टाकलं, जी वाजली, मास्तर खूश. पुढच्या चळतीत चौथ्या ठिपक्याआधी तुझी ती लहान बी. आणि मला वाटलं, चंपा स्वतःची खुर्ची मला का देईल? नक्की उलटं लिहिलंय. बोट नाही उचललं.

मास्तरांचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला. म्हणाले, सगळं बरोबर वाचलंस, हेच कसं चुकलं? काय सांगू त्यांना, की पत्र बरोबर होतं, वाचणारा जळत होता?

आता तुला घेणं जमत नाही म्हणाले.

गिटार आत कोपऱ्यात ठेवली आहे. अजूनही जळतोय, गैरसमज नको. जाडी तार काढून नेतोय. तोवर पाच ठिपक्यांवर रियाज कर. रविवारी हॉलच्या दारात मीच लावून देईन, सुरात मिळवूनही देईन. तेवढं तरी माझं असू दे.

मामी चहा टाकतेय, नको म्हटलं. तुझी शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत आणि इंदूरची बस हॉर्न वाजवतेय. निघालो.

वाल्मिक