गप्प बसलेली दाढ

तुर्भे,
दि. ३ ऑगस्ट १९९७

चि. सौ. राहीस,
भैरूदादाचे अ. आ. वि. वि.

दाजींचा दमा या पावसात कसा आहे? आत्याबाईंच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात ना? म्हैस कधी व्यायची? आणि तुझी कंबर? तिचं तू कधी लिहवून घेत नाहीस, म्हणून मुद्दाम विचारतो.

आता राहिली आमची सुनयना. तू चुलीपुढून सांगतेस आणि ती लिहिते, पण अक्षर असं की आमच्या मसाला मार्केटातले मेहताजी पाहत राहतात. बारा वर्षांची पोर, पण घराचं टपालखातं तीच. तिची खालची दाढ ठणकत होती आणि मी पाठवलेल्या लवंगेनं दोन दिवसांत थांबली, हे वाचून बरं वाटलं. तुझी वहिनी म्हणते, तुमच्या भावानं पोती उचलायची सोडून आता वैद्यकी सुरू करावी. हसू दे तिला. माझीही एक दाढ दीड वर्ष लवंगेवरच चालली आहे. दुखली की एक दाबायची, की गप्प. आता महिनाभर तर दुखलीच नाही.

गावच्या कृष्णातबरोबर पावशेर लवंग पाठवतो आहे. शेठच्या दुकानात बसून एकेक निवडली आहे, बोंड शाबूत असलेलीच. दुखलं की पोरीला लगेच द्यायची, रडत ठेवायची नाही.

मुलीला आशीर्वाद. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
भैरूदादा

*

खालची वाडी, ता. पाटण,
दि. १४ ऑगस्ट १९९७

ती. दादांस,
राहीचा सा. न. वि. वि.

लवंग पोचली. डबा उघडला तर शेजारची पुतळा वासानंच आत आली. मूठभर तिला दिली, रागावू नका.

यांचा दमा बेताचा आहे. आत्याबाई थेंब घालून घेताना शिव्या देतात, म्हणजे ठणठणीत आहेत. कंबर आहे तिथं आहे. सुनीची दाढ आता अजिबात दुखत नाही. काळी झाली आहे थोडी, आणि जेवते एकाच बाजूनं, पण ती सवय झाली असेल. तुमच्या लवंगेनं मुळासकट बरं केलं. दात काढणाऱ्याकडं न्या असं मास्तर म्हणत होते. मी म्हटलं, दाताला हात लावला की डोळ्याला धक्का बसतो, आणि आता दुखतंय कुठं.

वहिनींना नमस्कार. आठवण असू द्यावी.

आपली,
राही

*

तुर्भे,
दि. २९ ऑगस्ट १९९७

चि. सौ. राहीस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र नीट बसून ऐक. मी चुकलो आहे.

गेल्या सोमवारी माझा डावा गाल असा सुजला की डोळा मिटला. ताप एकशे तीन. तुझ्या वहिनीनं रिक्षात घालून सेक्टरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. माझी तीच दाढ, लवंगेची. बाई म्हणाल्या, काका, ही दुखायची थांबली कधी? मी अभिमानानं सांगितलं, दोन महिने झाले. त्या म्हणाल्या, तेव्हाच तिची नस मेली, म्हणून थांबली. बरी झाली म्हणून नाही. आत पू होऊन हाडापर्यंत गेला होता. दाढ काढावी लागली.

मी विचारलं, कीड लागते म्हणजे नेमकं काय होतं? त्यांनी चांगलं समजावलं. आत किडा-बिडा नसतो. गोडधोड, भाताचं शीत दातांच्या खाचेत अडकतं, त्यावर जंतू जगतात आणि आम्ल तयार करतात. ते दाताचं टणक कवच पोखरतं. मला आमचं हळकुंड आठवलं. वरून पिवळंधमक, टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि मोडलं की आत नुसती भुकटी. भोक लहान असेपर्यंत दाताला काही वाटत नाही. गार-गरम झोंबायला लागलं म्हणजे ते आत सरकलं. तेवढ्यात साफ करून चांदी भरली तर अर्ध्या तासाचं काम. नसेला टेकलं की दुखणं मोठं. लवंग नुसती बधिर करते. भोक ती बुजवत नाही.

राही, सुनीची दाढ तिची जन्माची आहे, पडून परत येणारी नव्हे. काळी झाली आहे असं तूच लिहिलंस. दुखत नाही, हेच मला खुपतं आहे. तिला कराडला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन जा, या आठवड्यातच. डोळ्याचं मनातून काढ. माझी दाढ काढून चार दिवस झाले. तोच चष्मा, तीच नजर.

लवंग मसाल्यात घाल. काय झालं ते लगेच लिही.

तुझा,
भैरूदादा

*

खालची वाडी,
दि. ९ सप्टेंबर १९९७

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

म्हैस व्याली, पारडी झाली. यांना जरा बरं आहे. गौरींना पुतळानं तुमच्या लवंगेचा मसाला केला, अख्ख्या आळीत वाटला.

दादा, या वेळी तुम्ही तब्येतीचं अक्षरही लिहिलं नाही. पाकीट हाताला जाड लागलं होतं, दोन पानं भरून होती, पण ऐकायला बसले तर चहा उकळायच्या आत संपलं. कामाची दगदग असेल. जपून असा.

आपली,
राही

*

तुर्भे,
दि. १५ सप्टेंबर १९९७

चि. सुनयनास,
मामाचे अ. आ.

हे पत्र तुझ्या नावानं टाकलं आहे. रागवायला नाही.

माझी दोन पानं तुझ्या आईला चहा उकळायच्या आत संपलेली वाटली. मग उरलेलं कुठं गेलं, ते तुला आणि मला माहीत आहे. सुईचं भ्या वाटलं ना? आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी आमच्या माथाडी लोकांसाठी दात तपासायचं शिबिर झालं होतं. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली होती, काका, लहान भोक आहे, भरून घ्या. मी ती घडी करून खिशात घातली आणि तुझ्या मामीला सांगितलं, दात एकदम चांगले आहेत. दिवसभर शंभर किलोची पोती डोक्यावर घेणारा मी, बोटभर सुईला भ्यालो. ती चिठ्ठी धुण्यात गेली, आणि तिच्या मागोमाग दाढ. हे मामीला अजून माहीत नाही. आज सांगणार आहे.

सुई टोचते, खोटं कशाला सांगू. मुंगी चावल्यासारखी, दहा अंक मोजेपर्यंत. मग तिथं काही कळत नाही. माझ्यासारखा ताप येऊन, गाल सुजून पडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

डेअरीवर फोन करून आईला बोलावता आलं असतं. पण मग तू वाचतेस त्यावर ती पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि त्या घरात दुसरं कुणी वाचणारं नाही. म्हणून हे तुझ्यावरच सोडतो. मागचं पत्र काढ, हेही घे, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. माझ्या भित्रेपणासकट. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी एस.टी.त बसतो.

तुझा,
भैरूमामा

*

खालची वाडी,
दि. २१ सप्टेंबर १९९७

ती. भैरूमामांस,
सुनयनाचा सा. न. वि. वि.

मागचं पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. दोन्ही पत्रं चुलीपुढं बसून वाचली. आईनं पहिल्यांदा तुमच्या तापाचं विचारलं, ते परत वाचायला लावलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, दादा एवढा आजारी, आणि मी त्याला पारडीचं कळवत बसले. त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कराडला गेलो. डॉक्टर म्हणाले, भोक खोल आहे, पण नस जिवंत आहे, दिवाळीपर्यंत थांबला असता तर दाढ हातची गेली असती. सुई टोचली. मी दहा मोजणार होते, सातलाच बधिर झालं. चांदी भरली. आई डॉक्टरांना म्हणाली, आता हिचे डोळे तपासा. ते हसले आणि तिलाच आ करायला सांगितलं. तिच्या दोन दाढा भरायच्या आहेत, आणि मिश्री लावायची बंद करायला सांगितली आहे. त्यावर ती दिवसभर घुश्शात होती. पण पुढच्या बुधवारी जाणार आहे.

आता तुमचं पत्र आलं की आधी मी वाचायचं, मग आई तेच पुतळाकाकूंच्या मुलीकडून वाचून घेणार. दोन्ही सारखं निघेल तेव्हाच विश्वास ठेवीन म्हणाली. किती दिवस, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मामींना सांगितलंत का? त्या काय म्हणाल्या, तुमच्या बाकीच्या दातांचं डॉक्टरीणबाई काय म्हणतात, सगळं लिहा. वाईट असेल तेही लिहा. मी एकही ओळ सोडणार नाही. पत्र लवकर टाका, आई वाट बघते आहे.

आपली,
सुनयना