चांदीची चोच

सोलापूर, ६ ऑगस्ट २०२४

ति. काशम्माआत्यास,

बसूचा सा. न. वि. वि. फोनवर तुझं बोलणं मला नीट कळत नाही, मग तू चिडतेस, म्हणून कागदच घेतला. अप्पांना जाऊन वर्ष झालं, त्यांचं कपाट आवरलं. तळाशी खणाच्या कापडात गुंडाळलेलं चांदीचं भांडं निघालं. फोटो सोबत आहे. मुठीएवढी वाटी आणि तिला बोटभर लांब, चपटी, वाकलेली चोच. बाळाला दूध पाजायचं बोंडलं म्हणावं, तर एवढी चोच कुणी बघितलीय? मी ठरवलं, लिंगपूजेत धार धरायचंच असणार. काल श्रावणी सोमवारी स्वामी घरी आले, तेव्हा तुझ्या सुनेनं, पायलनं, तेच पूजेला घेतलं आणि सगळ्यांनी तीर्थ घेतलं. किती जुनं, असं स्वामींनी विचारलं. मी ठोकून दिलं, शंभर वर्षं. खरं काय ते कळव.

तुझा बसू

होटगी, १० ऑगस्ट

चि. बसूस,

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिला, डोकं तापलंय. शंभर नाही, एकाहत्तर वर्षं. ते माझं बोंडलं आहे.

मी जन्मले ती ओठ आणि टाळू दुभंगलेली. अंगावर ओढता येईना, पाजलेलं दूध नाकातून बाहेर. घरातल्या मोठ्या बाईनं सांगितलं, ठेवा कोपऱ्यात, दोन दिसांत जाईल. माझी आई चंद्रव्वा ओली बाळंतीण, तशीच उठून सोनाराकडे गेली आणि पायातले तोडे काढून दिले. पहिली चोच आखूड झाली, दूध नाकातच. दुसरीची कड लागली, तोंडातून रक्त आलं. तिसरी घशापर्यंत पोचली आणि मी जगले.

तुझ्या अप्पाला हे सगळं ठाऊक होतं. पाहुणे आले की मला माजघरात बसवणारा तोच. मेला तरी तुला सांगितलं नाही, याचा मला फार राग आला आहे. भांडं मला पाठव.

काशम्मा

सोलापूर, १४ ऑगस्ट

ति. आत्यास,

सा. न. मेलेल्या माणसाला बोलू नकोस. आणि एवढी वर्षं तू तरी तोंड का उघडलं नाहीस? स्वामींना मी उष्ट्या बोंडल्यातलं तीर्थ पाजलं! गल्लीत कळलं तर मंडळाचा अध्यक्ष म्हणून कुठल्या तोंडानं फिरू? सोमवारी ते सोनाराकडे देतो. आटवलं की शुद्ध होईल. त्याचंच नवं पूजेचं भांडं करतो, म्हणजे तुझ्या आईची चांदी घरातच राहील. विषय संपला.

बसू

होटगी, १६ ऑगस्ट

बसू,

बसवजयंतीला मांडवात उभं राहून, आपण उष्ट्याचा विटाळ मानत नाही, असं भाषण ठोकलंस ते तूच ना? मी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. लाज वाटते त्या टाळ्यांची.

तोंड का उघडलं नाही, विचारतोस? उघडलं की तुम्ही सगळे हसायचात. तूही हसायचास.

चांदी नकोय मला. ती चोच हवी आहे. तीन वेळा घडवून घेणारी बाई होती, एवढंच त्या चोचीत दिसतं, तिचा दुसरा फोटोसुद्धा नाही. सोनाराच्या आगीत टाकलंस, तर मला आत्या म्हणू नकोस.

काशम्मा

सोलापूर, २० ऑगस्ट

ति. आत्याबाईंस,

पायलचा सा. न. तुमची दोन्ही पत्रं यांनी मला दाखवली नव्हती. काल यांच्या शर्टाच्या खिशात सापडली आणि मी तशीच सराफ गल्लीत गेले. सोनारानं भांडं तराजूत ठेवलं होतं. मी ते उचललं. हे दुकानातच ओरडले, मीही ओरडले. लोक जमले. जमू देत. कुणाचं आणि कशाचं भांडं, ते मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

भांडं तुमचंच, तुम्हाला पोचवणारच आहे; पण आज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्याच चोचीनं धार धरली. यांनी तीर्थ घेतलं नाही, उपाशीच कामावर गेले. पूजा आणि तीर्थ झाल्याशिवाय आपल्यात जेवायचं नाही, हे लग्नानंतर मला यांनीच शिकवलं होतं. आता संध्याकाळ झाली आहे. ताट वाढून ठेवलंय, शेजारी बोंडल्यात तीर्थ आहे. आज या घरात दुसरं तीर्थ नाही.

माया आहेच, ती राहू द्यावी.

आपली सून,
पायल