टँकरवरची पाऊसबाग

प्रिय आप्पा,

फोनवर तुम्ही 'बरी हायेस ना' विचारता, मी 'व्हय' म्हणते आणि फोन ठेवते. आज मात्र लिहूनच सांगते, कारण डोकं फिरलंय.

बीड बायपासच्या आमच्या वसाहतीत मी पाऊसबागा करून घेतल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यापेक्षा वीतभर खोल वाफे, खाली खडी-वाळू, वर गवत आणि अडुळसा. रस्त्यावरचं पाणी त्यात शिरावं, मुरावं, बोअरला लागावं आणि उताराच्या टोकाला राहणाऱ्या लीलाबाईंच्या घरात घुसू नये, एवढाच हेतू. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि पाऊस आला की त्याच बाईच्या ओट्याखाली गुडघाभर!

पाणी आत यायला मी वाफ्यांभोवतीच्या कठड्याला बारा फटी ठेवल्या होत्या. आईच्या आजारपणात आठ दिवस देवगावला आले, तेवढ्यात ठेकेदारानं त्या बुजवल्या. वर मलाच ऐकवतो, 'मॅडम, लई बेकार दिसत होत्या. फुकटात बुजवून दिल्या.' आता ती झाडं जगवायला टँकर येतो. पाऊसबागेला टँकर! महापालिकेतल्या आमच्या साहेबांना तीन पत्रं दिली. उद्घाटन झालंय, फोटो छापून आलेत, आता तोडफोड नको, म्हणाले.

मंगळवारी पाऊस झाला. पाणी बागेला वळसा घालून थेट लीलाबाईंकडे गेलं. वर्षाचा गहू भिजला. त्या सुपानं चिखलातला गहू उपसत होत्या, ते बघवलं नाही. बुधवारी दिवसाढवळ्या मी घण-छन्नी घेतली आणि कठडा फोडला. शुक्रवारी पुन्हा पाऊस झाला, पण त्यांचं घर कोरडं राहिलं. शनिवारी माझ्या हातात नोटीस पडली.

'सरकारी बांधकामाची नासधूस' असं त्यात लिहिलंय. हे शब्द माझेच आहेत, आप्पा. गावच्या सिमेंट रस्त्याची कड पहारीनं फोडून तुम्ही पाणी विहिरीकडं वळवलंत, तेव्हा मी नवी इंजिनिअर. हेच शब्द वापरून मी चारचौघांत तुम्हाला अडाणी म्हणाले. तुम्ही पहार खांद्यावर टाकून मेंढरांमागं गेलात. माफी मागायला मला सात वर्षं लागली, ती आज मागते. पुढच्या सोमवारी चौकशी आहे. हे कुणी शिकवलं विचारलं, तर तुमचं नाव सांगणार आहे. आदल्या दिवशी, रविवारी येता का? अकरा फटी मोकळ्या झाल्यात. बारावी माझ्या घणाला दाद देत नाही. येताना पहार आणा.

तुमचीच अडाणी,
प्रेरणा