पाहुणा आणि माझा स्वेटर

३ जानेवारी, शुक्रवार

यंदा रोज डायरी लिहायची. दोन दिवस उशीर झाला, पण सुरुवातीलाच घाई केली की माणूस दमतो. बाकीचे संकल्प : पहाटे उठणे, साखर बंद, आणि कोणाशीही स्वतःची तुलना करायची नाही.

घरात सध्या एक कुत्रा आहे. आमचा नाही. प्राण्यांच्या संस्थेनं सांभाळायला दिलाय, कायमचं घर मिळेपर्यंत. संस्थेचा नियम असा की त्याला आपण नाव द्यायचं नाही, ते नवा मालक देईल. म्हणून मी त्याला पाहुणा म्हणतो. बायको राजा म्हणते. मला लग्नानंतर पहिल्या वर्षी एकदा म्हणाली होती, तेही नळ गळत होता म्हणून.

एक डेंटिस्ट त्याला कायमचा घेणार आहेत. बारा तारखेला, रविवारी येतील. मला आनंदच आहे. माझा त्याच्यात जीव वगैरे काही अडकलेला नाही. रात्री तो माझ्या चपलांवर झोपतो, पण ती जागा वाऱ्याच्या आड आहे.

संध्याकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरचा फिजिओथेरपिस्ट भेटला. हा भर थंडीत बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून हिंडतो. मी मनातल्या मनात त्याला पिळदार म्हणतो. पाहुणा त्याच्या अंगावर असा झेपावला, जशी काही गेल्या जन्मीची ओळख. पिळदार म्हणाला की जनावरांना माणूस बरोबर कळतो. बायको हसली. मीही हसलो. पोटात जरा दुखत होतं, पण ते साखर बंद केल्यामुळे.

५ जानेवारी, रविवार, सकाळी ११

काल लिहायचं राहिलं. आज लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण मूड नाही.

पाहुणा हरवला.

जे झालं ते तटस्थपणे लिहून ठेवतो. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी फिरत होतो. समोरून पिळदार धावत आला. पाहुण्यानं पट्टा ओढायला सुरुवात केली. पिळदार हसत म्हणाला की काका, सोडा की त्याला, येईल तो माझ्याकडे. मी म्हटलं की सोडला तरी माझ्यापासून तो पाऊलभर हलणार नाही. आणि त्याच क्षणी पट्ट्याचा हूक सुटला. माझा अंगठा हुकावर होता हे खरं, पण हूक मुळातच सैल होता. पाहुणा सरळ पिळदारकडे गेला. तेवढ्यात लॉण्ड्रीवाल्यानं धाडकन शटर वर केलं आणि पाहुणा जो उधळला, तो दिसेनासाच झाला.

बायकोला म्हटलं, पट्टा खराब निघाला. तिनं त्याची वाटी धुवून, पाणी भरून पुन्हा जागेवर ठेवली. मला सकाळपासून चहा विचारलेला नाही.

डेंटिस्ट रविवारी येणार. त्याआधी शोधायलाच हवा. आणि मीच शोधणार.

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसमधून अर्धी रजा. मी नकाशा विभागात आहे, त्यामुळे शोध शास्त्रशुद्ध होईल. बाकीचे नुसते हाका मारत फिरतात. मी परिसराचा नकाशा काढून रंगीत पेन्सिलीनं भाग पाडले. बाग, बेकरी आणि शाळेचं मैदान, म्हणजे जिथे कुत्रा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तो भाग स्वतःकडे घेतला. बायकोला बाजार दिला.

पिळदार न बोलावता मदतीला आला. त्याला कालव्यापलीकडची गोदामं दिली. तिकडे कुत्रा जाणं अशक्य, मध्ये मोठा रस्ता आहे. पण त्याला व्यायाम आवडतो.

बायको म्हणाली की शेजारी असावा तर असा. मी नकाशा गुंडाळला.

७ जानेवारी, मंगळवार

बागेत एक मांजर, बेकरीमागे दुसरं मांजर. मैदानावर पाहुण्याचीच शेपूट दिसली म्हणून धावलो, तर ती एका बाईंची शाल होती. गैरसमज दूर केला.

संध्याकाळी संस्थेच्या बाईंचा फोन आला. त्या फार शांत बोलतात, त्यामुळे जास्तच रागावल्यासारख्या वाटतात. म्हणाल्या की हाका मारू नका, पाठलाग तर मुळीच करू नका. घाबरलेला कुत्रा ओळखीच्या माणसापासूनही पळतो. जिथे दिसेल तिथे एक अंगात घातलेला, न धुतलेला कपडा ठेवा. ज्याचा त्याला सगळ्यात जास्त लळा असेल, त्याचा. वासावर येईल.

फोन स्पीकरवर होता. ‘ज्याचा सगळ्यात जास्त लळा’ म्हटल्यावर बायकोनं जेवता जेवता वर छताकडे बघितलं. मग बायको म्हणाली की पिळदारचा एखादा टी-शर्ट मागून आणू या का. (ती त्याला नावानं बोलवते. इथे मी बदल केलाय.)

मला मत्सर हा प्रकारच माहीत नाही. पण पाहुण्याला खायला कोण घालतं? पहाटे फिरायला कोण नेतं? म्हणजे नेणार होतं, पहाटे उठायला लागलं की. घास भरवायचे आम्ही आणि लळा लागायचा वरच्या मजल्याला.

माझा तपकिरी स्वेटर द्यायचा ठरवलं. वास पुरेसा यावा म्हणून आजपासून आंघोळ बंद, आणि झोपायचंही स्वेटर घालूनच. बायको बाहेरच्या खोलीत झोपली.

८ जानेवारी, बुधवार

ऑफिसात साहेबांनी विचारलं की बरं आहे ना. म्हटलं, एका जिवाचा प्रश्न आहे. त्यांनी माझं टेबल खिडकीशी हलवायला सांगितलं. मान वाढतोय.

वाईट बातमी. म्हणजे चांगली. पाहुणा दिसला. कालव्यापलीकडे, गोदामांच्या मागे सिमेंटच्या मोठ्या पाइपांचा ढीग आहे, तिथे. पिळदारला दिसला. तो शहाण्यासारखा लांबच थांबला, स्वतःचा टी-शर्ट पाइपापाशी ठेवला, आणि गोदामाच्या वॉचमनला लक्ष ठेवायला सांगून परत आला. बिनशर्टाचा. बायकोनं त्याला चहा दिला. आलं घालून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो भाग त्याला मी दिला, पण याचं श्रेय मला कोणी देईल तर शपथ.

संध्याकाळी एकटाच पाहणीला गेलो. टी-शर्ट वाऱ्यानं उडाला असता, म्हणून उचलून ऑफिसच्या बॅगेत ठेवला. त्याच्या जागी माझा स्वेटर ठेवला. तो जड आहे, उडणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

स्वेटर गायब.

वॉचमन दिवसपाळीला बदली होता, त्याला काही माहीत नाही. मला आहे. हे काम पिळदारचं. माझ्या वासानं कुत्रा आला असता तर त्याचं नाक कापलं गेलं असतं. माणूस किती जळावा.

पुरावा मिळवायला त्याच्या क्लिनिकमध्ये गेलो. मान आखडल्याचं निमित्त केलं. त्यानं मला पालथं झोपवलं, त्यामुळे कपाटं बघता आली नाहीत. बोलता बोलता विचारलं की काका, माझा टी-शर्ट तिथे नव्हता, तुम्हाला दिसला का. बॅग माझ्या पायाशीच होती. मी म्हटलं, वारा फार आहे हल्ली. तसं त्यानं सैल सोडा म्हणून मान फिरवली, नेमकी त्याच वेळी मी ताठ झालो, आणि कडकन आवाज आला.

मान आता खरंच आखडली. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, मागे तर विचारूच नका. पट्टा बांधलाय. त्यानं पैसे घेतले नाहीत. हा मोठेपणाच मला सहन होत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

विजय.

नेहमीच्या वॉचमननं सांगितलं की स्वेटर कुत्र्यानंच नेला. बुधवारी अंधार पडताना पाइपातून बाहेर आला, बराच वेळ हुंगत राहिला, मग स्वेटर तोंडात धरून आत ओढून नेला. तेव्हापासून त्याच्यावरच बसतो. टी-शर्ट दोन तास तिथे पडला होता, तेव्हा नाक बाहेर काढलं नव्हतं.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली, लॉण्ड्रीवाल्याला सांगितली, साहेबांना सांगितली. पिळदारला जिन्यात गाठून दोनदा सांगितली. तो म्हणाला की वा, काका, मस्तच झालं. मनापासून म्हणाल्यासारखं म्हणाला. चांगला अभिनय आहे.

बायकोनं मात्र ऐकून त्याची वाटी पुन्हा पाण्यानं भरली. मग म्हणाली की मला वाटलं होतं, माझा असेल लळा. तिची ओढणी ठेवावी, हे मी कोणाला सुचूच दिलं नव्हतं. जिंकल्यावर एवढं बरं वाटत नाही, हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

संस्थेच्या बाई म्हणाल्या की आता तुम्हालाच जावं लागेल. पाइपाकडे पाठ करून जमिनीवर बसा. बोलू नका. काही झालं तरी वळून बघू नका, तिथेच सगळे चुकतात. माणसाला राहवत नाही, आणि नजर भिडली की कुत्रा पळतो. म्हटलं, काळजी नको, माझा स्वतःवर पूर्ण ताबा आहे.

११ जानेवारी, शनिवार

बसलो. थंडी मरणाची आणि अंगात स्वेटर नाही. पाच मिनिटांत बघायची इच्छा झाली. दहा मिनिटांत मी वळलोच, पण मान वळेना. सगळं अंग फिरवायचं तर गुडघे परवानगी देईनात. निमूट समोरच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघत राहिलो. लांब रस्त्यावर बायको उभी होती, तिच्या शेजारी पिळदार. तो तिला काहीतरी सांगत होता. काय सांगत असेल, या विचारात बराच वेळ गेला.

मग पाठीला काहीतरी लागलं. ओलं. मग गरम. मग सगळं वजन. तो माझ्या पाठीला टेकून बसला होता आणि थरथरत होता. मला त्याच्याकडे बघताही येईना. हात मागे नेला तर त्यानं चाटला. मी रडलो. हे इथे लिहितो, कारण ही डायरी कोणी वाचत नाही.

घरी आणला. स्वेटर त्यानं तोंडातून सोडलाच नाही. पिळदारनं पाठीवर थाप मारली, मानेपर्यंत कळ गेली.

रात्री बायको नवा पट्टा शोधत होती. मी म्हटलं, ऑफिसच्या बॅगेत बघ. पट्टा सापडला, टी-शर्टही सापडला. तिनं तो उलगडून बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि भिजत घातला. वाळल्यावर वर नेऊन देताना काय सांगणार आहे, ते विचारायचं धाडस झालं नाही.

पाहुणा माझ्या चपलांवर झोपलाय. जागा वाऱ्याच्या आड आहे म्हणून नव्हे.

१२ जानेवारी, रविवार

ठरवलं होतं की डेंटिस्टांना स्पष्ट सांगायचं : कुत्रा आमच्याकडेच राहील. वाक्य पाठ केलं होतं. पण बायकोनं आठवण करून दिली की मार्चपासून माझी साइटवर बदली आहे, ती दिवसभर कामावर, आणि कुत्रा बांधून ठेवायचा का. शिवाय शब्द दिला होता. मी म्हटलं, मी कुठे काही बोललो.

डेंटिस्ट आले. माझ्याच वयाचे, माझ्याच अंगाचे. आयत्या बिळावर नागोबा. ते आवडून घ्यायचे नाहीत असं मी ठरवलं, पण माणूस सरळ खाली बसला आणि पाहुण्याकडे पाठ केली. कोणी शिकवलं, कोणास ठाऊक.

डॉक्टरांबरोबर आलेल्या संस्थेच्या बाई म्हणाल्या की स्वेटर सोबत द्या. आणि पहिले काही दिवस डॉक्टरांनी तो घरात घालावा, म्हणजे कुत्रा लवकर रुळतो. न धुता. डेंटिस्टांनी तिथेच अंगात घातला. नाकसुद्धा मुरडलं नाही.

त्यांना बरोबर बसला. मला पोटावर ताणला जायचा. बायको म्हणाली की शोभतो तुम्हाला. हे तिनं त्यांना म्हटलं.

पाहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मग स्वेटरकडे. मग स्वेटरच्या मागे मागे जिना उतरला. मी गॅलरीत गेलो, पण मान वाकेना. खाली काय झालं ते बायकोनं बघून सांगितलं : गाडीत बसला.

१५ जानेवारी, बुधवार

दोन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज दाढ दुखत होती म्हणून अर्धी रजा घेऊन डेंटिस्टकडे गेलो. दुसरे डेंटिस्ट जवळ आहेत, पण ते महाग असतील. निघण्यापूर्वी आंघोळ केली, साबण दोनदा लावला, इस्त्रीचा शर्ट घातला. परक्याकडे जाताना नीट जावं.

पाहुणा दवाखान्यातच होता. उठून आला, माझा हात हुंगला, शेपूट हलवली. शेजारच्या पेशंटचाही हात हुंगला आणि तेवढीच हलवली. मग जाऊन खुर्चीखाली, तपकिरी स्वेटरवाल्याच्या पायाशी बसला. आता त्याला नाव आहे. चांगलं आहे. मी पाहुणा म्हणून हाक मारणार होतो, पण तोवर इंजेक्शन दिलेलं होतं आणि जीभ हलत नव्हती.

डेंटिस्टांना दाढ खरंच किडलेली दिसली होती. काढली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं की फार दुखतंय का. मी मान हलवली. आता हलते. तिनं जवळ बसून बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि कुठे दुखतंय ते विचारलं नाही.