सतरा नंबरचं गॅरेज, आत अधिक अठरा

१२ ऑक्टोबर. बाहेर अधिक दोन, आत अधिक दोन.
ही वही बॉयलरघराची. निवृत्त झालो त्या दिवशी कोरी पडली होती, म्हणून घरी आणली. एकतीस वर्षं तापमान नोंदवायची सवय, ती काय निरोपसमारंभाने सुटते थोडीच.
संकल्प: आपलं सतरा नंबरचं पत्र्याचं गॅरेज आतून फोमच्या तक्त्यांनी मढवणे. शेगडी बसवणे. बाहेर उणे तीस असो की चाळीस, आत कायम अधिक अठरा. गाडी एका किल्लीत सुरू होणार आणि मी शेजारी नुसत्या शर्टावर बसून चहा पिणार. अर्धं बार्नाऊल शहर मी उबदार ठेवलं आहे. एक पत्र्याचा डबा म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

१५ ऑक्टोबर. बाहेर शून्य, आत शून्य.
सकाळीच दाढी करून बाहेर पडलो, फोमचा पहिला तक्ता आणला. फाईनाने (बायकोने) तो उलटसुलट बघितला आणि विचारलं की तळघराचं काय.
आमच्या रांगेत प्रत्येक गॅरेजखाली तळघर आहे. आमच्यात हिवाळ्याचे बटाटे, काकड्यांच्या बरण्या आणि एक वेगळी पेटी. पेटीत तिच्या आईचं बियाणं: गुलाबी सालीचा, निळसर डोळ्यांचा बटाटा. सासूबाई गेल्या, त्यांचं गाव उठलं, घर पडलं. तो बटाटा तेवढा राहिला. दर मे महिन्यात फाईना तो लावते आणि त्यातलाच पुढच्या सालासाठी राखते. दुसरीकडे कुठे मिळत नाही. मी तिला सांगितलं की उष्णता वर चढते, खाली उतरत नाही. हे शास्त्र आहे. तिने तळघराची किल्ली कुठे आहे तेवढं विचारलं. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.
दुपारी ती किल्ली घेऊन एकटीच तळघरात गेली, बरण्या लावायच्या म्हणून. आईच्या पेटीला नवे खिळेही ठोकून आली. सोळा नंबरवाल्या येफिमची हातगाडी दारातच आडवी उभी होती. दुसरा तक्ता आत नेताना मला उगाच वळसा पडला.

२ नोव्हेंबर. बाहेर उणे नऊ, आत उणे आठ.
दोन भिंती झाल्या. एक अंशाची कमाई. ही सुरुवात आहे.
येफिम ट्रामवर ड्रायव्हर होता. त्याच्या गॅरेजला फोम नाही, रंग नाही, दाराला गंज. तो येतो, सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा राहतो आणि मान हलवतो. हवेचा पाइप तळघरातून निघून माझ्या छपरातून बाहेर जातो. त्यातून बर्फासारखं वारं खाली उतरतं, म्हणून तो फोमने बुजवायचं मी ठरवलं. येफिम म्हणाला, "त्याला हात लावू नकोस, आर्काशा. बटाटा श्वास घेतो."
ट्राम चालवणाऱ्याने बॉयलरवाल्याला हवा शिकवावी.

९ नोव्हेंबर. बाहेर उणे चौदा, आत उणे सहा.
पाइप बुजवला. फवारायच्या फोमचा अख्खा डबा आत रिकामा केला. तो फुगून दगडासारखा बसला. लगेच फरक जाणवला.

२४ नोव्हेंबर. बाहेर उणे एकवीस, आत अधिक अठरा!
शेगडी पेटली. जुन्या गॅसच्या टाकीची बनवून घेतली आहे, बर्चची लाकडं धडाधड खाते. शर्टावर बसलो, चहा प्यायलो. येफिमला मुद्दाम बोलावलं. त्याने टोपी काढली नाही. एवढंच म्हणाला, "खाली किती आहे?" खालचं मोजायचं कारणच काय.

६ डिसेंबर. बाहेर उणे सव्वीस, आत अधिक सतरा.
छताला फोम लावायचा राहिला आहे. वाफ वर जाते, गार पत्र्याला लागते आणि पाणी होऊन टपकते. गॅरेजात पाऊस. गाडीवर सासूबाईंची जुनी छत्री उघडून ठेवली. तात्पुरती सोय.
गाडी सुरू झाली नाही. यात थंडीचा काही दोष नाही. आत उबेला बसून तिच्यातला रेडिओ ऐकला, म्हणून बॅटरी उतरली.

२० डिसेंबर. बाहेर उणे अठ्ठावीस, आत अधिक अठरा, तळघरात अधिक सोळा.
आठवड्याला बादलीभर बटाटे घरी नेणं हे माझं काम. आमच्याकडे ते पुरुषाचंच काम, बायका हिवाळ्यात गॅरेजकडे फिरकत नाहीत. आज झाकण उचललं तर खालून गरम, ओला वास आला. बटाट्यांना वीतभर कोंब फुटले आहेत. पांढरे, वाकडे, सगळे झाकणाच्या दिशेने. तळातले पिचपिचीत.
तांत्रिकदृष्ट्या हे यशच आहे. उष्णता खालपर्यंत पोहोचली. पेटीकडे बघितलं नाही.

२१ डिसेंबर.
बाजारातून बादलीभर बटाटे विकत घेतले. घरचे वाटावेत म्हणून फाईनाच्या कुंडीतल्या मातीत लोळवले.

२८ डिसेंबर. बाहेर उणे तीस.
फाईना जेवताना म्हणाली, यंदा बटाटे फार छान निवडून आणतोस, एकालाही कुदळ लागलेली नाही. मी म्हटलं, आपली माती चांगली. तिने अजून दोन वाढले. तेही संपवले.

४ जानेवारी. बाहेर उणे सतरा, तळघरात अधिक सतरा.
शेगडी विझवली तरी खालची ऊब जाईना. फोम चांगल्या प्रतीचा आहे. पाइप मोकळा करायला गेलो तर आतला फोम निघेना. सुरी मोडली. मग गॅरेजची दारं आणि तळघराचं झाकण सताड उघडं टाकलं. एका रात्रीत अधिक चारवर आणतो.

५ जानेवारी. बाहेर उणे छत्तीस. तळघरात उणे अकरा.
एवढी थंडी पडेल असं रेडिओवर सांगितलं होतं म्हणे. बॅटरी उतरल्यापासून रेडिओ बंद आहे.
बरण्या फुटल्या. काकड्या बर्फात हिरव्यागार दिसतात. बटाटे गोट्यांसारखे वाजतात. आधी उबवले, मग गोठवले. एकतीस वर्षांत एकाही सोसायटीची पाइपलाइन मी गोठू दिली नाही.
आईची पेटी तशीच खिळे ठोकलेली. उघडायचा धीर झाला नाही. पण पेटी जाड लाकडाची आहे, आणि फाईनाने आत गवतही घातलं असणार.

२ फेब्रुवारी.
रोज जातो. शेगडी पेटवत नाही. कोट घालून पेटीसमोर बसतो. वास पेटीतून येतोय की भोवतालच्या बटाट्यांतून, कळत नाही. येफिम दारातून डोकावतो, काहीतरी बोलायला तोंड उघडतो आणि परत जातो. त्याला बरं वाटत असणार.
फाईना काकड्या मागते. अजून मुरल्या नाहीत म्हणून सांगितलं. संकल्प: रविवारी तिला सगळं सांगणे.

८ फेब्रुवारी.
रविवारी तिचं डोकं दुखत होतं. म्हणजे दुखेल असं वाटलं.

८ मार्च.
महिला दिन. मिमोसाची पिवळी फुलं आणली. फुलं द्यायची आणि त्याच श्वासात सांगून टाकायचं, असं ठरवून गेलो. तिने फुलं काकडीच्या रिकाम्या बरणीत ठेवली आणि खिडकीपाशी उभी राहून मला आईच्या बटाट्याची फुलं सांगत बसली. ती जांभळी असतात, आणि आई ती केसात खोवायची. मी चहा केला. मला स्वतःची लाज वाटते.

९ एप्रिल. बाहेर अधिक एक.
ज्याची भीती तेच झालं. फाईना म्हणाली, "उद्या आईची पेटी आण. खिडकीत मांडायला हवेत, लावायच्या आधी ऊन लागलं पाहिजे." तिने खिडकीची फळी पुसून वर स्वच्छ वर्तमानपत्रही पसरून ठेवलं आहे.

१० एप्रिल, सकाळ.
खिळे काढले. बटाटा नाही! एकही नाही. आत विटा आणि गवत. चोरी झाली आहे. देवाची कृपा, चोरी झाली आहे. मी निर्दोष. किल्ली कुठे असते कुणाला माहीत, बटाट्यांची किंमत कुणाला माहीत, हिवाळाभर दारात कोण घुटमळत होतं? येफिम. गॅरेज सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून दोन पानी तक्रार तिथेच लिहिली. "पेटीत वजनासाठी विटा भरण्याइतका निर्ढावलेला इसम" हे वाक्य चांगलं जमलं आहे.

१० एप्रिल, दुपार.
फाईना कणकेच्या पारीत खिमा भरून पेल्मेनी वळत होती. मी तक्रार उभ्याने वाचून दाखवली. तिने मध्ये तोडलं नाही, वळणं चालूच. वाचून झाल्यावर म्हणाली की पेटी खरंच येफिमकडेच आहे, पेटी म्हणजे बटाटे, आणि मी बादल्या घेऊन जावं. विटा तिनेच भरल्या होत्या, म्हणजे हलवून बघितली तर मला जड लागावी.
कधीपासून, म्हणून विचारलं. म्हणाली, फोमचा पहिला तक्ता आणलास त्या दुपारपासून.
म्हणजे कोंब, मातीत लोळवलेले बटाटे, काकड्या, सगळं तिला ठाऊक होतं. येफिमने वेळोवेळी सांगितलं होतं. मग आधीच मला थांबवलं का नाही? हा प्रश्न मी जरा मोठ्या आवाजात विचारला. तिने पिठाचा हात पुसला.
"बॉयलरघर सुटल्यापासून तू दुपारपर्यंत लोळत होतास, आर्काशा. तक्ता आणायला निघालास त्या दिवशी सहा महिन्यांनी पहिल्यांदा दाढी केलीस. खायचे बटाटे मी तुझ्यावरून ओवाळून टाकले. आईचे नाही."
तक्रारीची पानं चुलीत घातली.

११ एप्रिल. बाहेर अधिक चार. येफिमच्या तळघरात अधिक तीन.
तो म्हणतो ऑक्टोबरपासून तीनच आहे. त्याने काहीही केलेलं नाही. बटाटे मोजून दिले, चौसष्ट, एकालाही डाग नाही, वर आमच्यासाठी काकड्यांची एक बरणी. माझ्या पाइपातला फोम काढायला ड्रिल घेऊन येतो म्हणाला. मी नको म्हणणार होतो, मग हो म्हटलं.
खिडकीत चौसष्ट गुलाबी बटाटे मांडले आहेत. खिडकीच्या फटीतून वारा येतो हे मी सांगितलं. फाईनाने फोमचा उरलेला डबा उचलून, बरणी घेऊन सोबत आलेल्या येफिमच्या हातात दिला.

१२ एप्रिल.
तळघरातले कुजके बटाटे उपसायचे आहेत. दोन दिवसांचं काम, म्हणजे आठवडा. सातला उठलो. दाढी केली.