कमल (नाव बदलले आहे)

१ डिसेंबर, सोमवार

आली एकदाची खोकी. समाजशास्त्राची! गणपतीपासून वाट पाहत होते. फोडली तर काय — पोलीस भरतीची गाईडं, सातवीचं नागरिकशास्त्र आणि थोर समाजसेवकांची चरित्रं. पुरवठादाराला फोन लावला. भागवतशेठ म्हणतात, "मॅडम, समाज म्हणजे समाजच ना शेवटी?" फोन ठेवून दिला. नाहीतर तोंडून काहीतरी गेलं असतं.

नवं विद्यापीठ, नवं एम.ए., नवं कपाट. जानेवारीत तपासणी समिती. कुलसचिवांना एवढंच कळतं, की कपाट भरलेलं दिसलं पाहिजे. "जाडजूड घ्या, यामिनी मॅडम. शिर्डीला आलेले पाहुणे इकडंही डोकावतात." म्हणजे मी ग्रंथपाल नाही, शोकेस सजवणारी!

४ डिसेंबर, गुरुवार

विभागप्रमुख यज्ञेश्वर सरांची यादी आली. एकूण एक परदेशी. पुस्तकं चांगली आहेत, नाही कोण म्हणतं? पण आमची पोरं राहात्याची, जामखेडची. वाचनालयाच्या खिडकीतून उसाचे फड दिसतात आणि कपाटात उसावर एक अक्षर नाही! म्हटलं, ऊसतोड करणाऱ्या बायकांवर पुण्याच्या एका संशोधक बाईंचं मराठी पुस्तक आलंय, ते घेऊ. सर म्हणाले, "त्यात थिअरी कमी आहे." मी अडून बसले. शेवटी "घ्या हो, घ्या" — माशी हाकलावी तसं.

९ डिसेंबर, मंगळवार

आलं! सगळ्या प्रती पहिल्याच खणात लावल्या. जेवायच्या सुट्टीत बसून वाचलं. चौथं प्रकरण एकाच बाईचं. कमल, आणि कंसात ‘नाव बदलले आहे’. फडावर बाळंत झालेली. दुसरीही मुलगीच. त्या मुलीला बांधावर ठेवून कमल निघून गेली होती. संध्याकाळच्या आत परत आली. पुण्याच्या बाई अगदी साधेपणानं लिहितात. डबा तसाच राहिला माझा.

दुपारी सर स्वतः येऊन पुस्तक चाळून गेले आणि पार पालटले! बावीस तारखेच्या सेमिनारला चौथं प्रकरण, सगळ्या वर्गाला. मी आणलेलं पुस्तक! घरी गेल्यावर शिरा केला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मोनिका आली होती. एम.ए. पहिलं वर्ष, जामखेडकडची. फार बोलत नाही. संध्याकाळी शिर्डीत हार-प्रसादाच्या दुकानावर काम करते. पुस्तक टेबलावर ठेवलं न् म्हणाली, "मॅडम, हे कपाटातून काढा."

मला वाटलं पानं फाटलीत.

"चौथं प्रकरण माझ्या आईचं आहे."

मी म्हटलं, अगं, नाव बदललंय, कुणीही असेल. तिनं बोट ठेवून दाखवलं. देवळामागचं घर. नवऱ्याची चरकात गेलेली बोटं. मुकादमाचं आडनाव तर तसंच्या तसं! "आमच्या वर्गात आमच्या गावाकडची दोघं आहेत. त्यांना काय कळायचं राहणारे का?"

पुस्तक मिटलं तिनं. आणि मग, "थोरली गावाकडं होती, आजीजवळ. बांधावर ठेवलेली मी. मला हे माहीत नव्हतं, मॅडम. मला इथं कळलं. तुमच्या कपाटात."

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार होते?

१३ डिसेंबर, शनिवार

सरांकडे गेले. मोनिकाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, ओळख पटण्यासारखा मजकूर आहे, सेमिनारला दुसरं प्रकरण घ्या. सर म्हणाले, "संशोधनाचे सगळे नैतिक निकष पाळलेत. प्रस्तावनेत लिहिलंय. आणि मॅडम, पुस्तक तुम्हीच आणलंत ना? आता तुम्हीच म्हणताय काढा?"

खरं आहे! मीच भांडून आणलं. वाचकाला नको म्हणून पुस्तक काढायचं नाही, हे मी नोकरीला लागल्यापासून सांगत आलेय. एका वाचकाला आवडत नाही, दुसऱ्याच्या भावना दुखावतात — असं करत गेलं तर कपाटात पंचांग उरेल फक्त. पण ही वाचक नाही ना. ही पुस्तकातच आहे!

निर्णय नाही. चीड आहे नुसती. सरांची, त्या पुण्याच्या बाईंची. मुकादमाचं आडनाव बदलायला काय झालं होतं?

१५ डिसेंबर, सोमवार

सगळ्या प्रती कपाटातून काढल्या. ‘बाइंडिंगला’ म्हणून चिठ्ठी लावली आणि माझ्या टेबलाच्या खणात कुलूप घालून ठेवल्या. खोटं! बाइंडिंगवाला वर्षभर फिरकलेला नाही.

मोनिकाला सांगितलं. तिला आनंद-बिनंद काही नाही. आई-वडील सध्या इथल्याच फडावर आहेत म्हणे, पाटाच्या पलीकडं. काल ती तिकडं गेली होती. पाचटाच्या कोपीसमोर उभी राहून आईला म्हणाली, "लायब्ररीतल्या पुस्तकात वाचलं. टाकलं होतंस ना मला? मग आणलंस कशाला?" आई गुरांसाठी उसाचे वाढे बांधत राहिली. ही तशीच परत आली.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी गेटवरून फोन. रखवालदार गोरक्ष. "मॅडम, एक ऊसतोडवाली बाई आलीय. लायब्ररीत जायचं म्हणती. ओळखपत्र न्हाई. घालवून देऊ?" मी धावतच गेले. गोरक्ष नियम दाखवतोय. गाडीतून आलेला कुणीही मान्यवर सोडतील, हिला अडवतात! रागाच्या भरात मी काय बोलले ते इथं लिहिणार नाही.

राहीबाई. मोनिकाची आई. हातांवर उसाच्या पातीनं कापल्याच्या रेघा. वाचनालयाच्या दारात चपला काढल्या. असू द्या म्हटलं तरी काढल्याच. मोनिका आत वाचत बसली होती. आईला बघून उठली, जायला निघाली. राहीबाई म्हणाल्या, "थांब. शिकलेल्या मान्सासमोर इचार काय इचारायचं ते."

मग मला म्हणाल्या, "वाचून दावा."

खण उघडला. बांधाजवळचा तेवढा भाग वाचला. माझाच आवाज मला परका वाटत होता. पुस्तकात एवढंच आहे, ‘संध्याकाळच्या आत कमल परतली.’ पुढं लगेच तक्ता सुरू होतो.

राहीबाई म्हणाल्या, "व्हय. आसंच सांगितलं हुतं मी त्या बाईला. ती चार दिस संगं ऊस तोडत हुती माझ्या. पोरीला सांगायला तोंड न्हवतं, म्हनून तिला सांगितलं. कुटंतरी सांगाया पायजे ना?"

मोनिका कपाटाला टेकून उभी. "मग परत का आलीस?"

"तू रडंना म्हनून."

राहीबाई तिच्याकडे वळल्या.

"रडली आसतीस तर कुनीबी उचललं आसतं. बाया हुत्या की भवताली. मी पाटापत्तुर गेले. कान समदा तुज्याकडं. म्हनलं, रडंल, कुनीतरी घील. तू गप. लई वाट बघितली. मग म्हनलं, हिला कोन घ्यायचं? मलाच यावं लागलं."

मोनिका रडायला लागली. मोठ्यानं, पोरीसारखी. राहीबाईंनी तिला जवळ ओढलं आणि एकदम चिडून म्हणाल्या, "आता रडतीस व्हय! तवा रडायचं!" आणि स्वतःच हसल्या, डोळे पुसत. वाचनालयात शांतता राखा ही पाटी माझ्या डोक्यावर. राखली नाही कुणीच.

निघताना विचारलं, पुस्तकाचं काय करू? "हिला इचारा. माझं काय, मी तर सांगून बसले."

मोनिका पुस्तकाकडे न बघताच आईला फाट्यापर्यंत सोडायला गेली.

१८ डिसेंबर, गुरुवार

सरांचा निरोप, बाइंडिंग अजून झालं नाही का? कुलसचिवांचा निरोप, वरचा खण रिकामा का? भागवतशेठांचा निरोप, गाईडं परत घेणार नाही! सगळ्यांना ‘बघते’ म्हटलं.

मोनिकाचा निरोप नाही.

२० डिसेंबर, शनिवार

आज आली. "मॅडम, द्या ती पुस्तकं." सगळ्या प्रती तिनंच परत कपाटात लावल्या. का, ते मी विचारलं नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

सेमिनार. मी मागच्या बाकावर. चौथं प्रकरण कोण मांडणार, असं सरांनी विचारलं आणि मोनिका उठली. पुस्तक उघडलंच नाही तिनं. "यात कमल असं नाव आहे. तिचं खरं नाव राहीबाई. मी तिला विचारून सांगतेय. बांधावर होती ती मी."