उखाभाऊंच्या चाकूची मूठ

अहो,
मी कडोदऱ्याला ताईकडे जाते आहे. कळण्याची भाकरी झाकून ठेवली आहे.

काल उखाभाऊंनी त्यांच्या वडिलांचा घडीचा चाकू उघडून पात्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "एवढं सुरेख काम कोणी केलं?" मी चहा घेऊन समोर उभी, आणि तुम्ही खुशाल म्हणालात, "मीच!" पात्याचा गंज मी घासला, धार मी लावली, शिसवाची नवी मूठ कोरताना बोटं माझी सोलली. तुम्ही चाकू तेवढा घरी आणलात.

आज संध्याकाळी ते दुसरा चाकू घेऊन येतील. काम समोर बसून बघायचंय त्यांना. कानस आणि दगड खिडकीत आहेत. दाखवा करून!

नाही जमलं, तर त्यांना माझं नाव सांगा. मगच मला घ्यायला या.

सुषमा